भिकाजीला लावलेलं कुंकू

हे मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढेही नाही, आणि ती तर त्या दुपारी माझ्या शेजारीच उभी होती. आता बोलतोय ते हलकं वाटावं म्हणून नाही. लपवून लपवून कंटाळा आलाय, बस्स.

भिकाजी माझ्या गावचा. एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होतो आम्ही. बायकोच्या आजारपणात त्याने नाक्यावरच्या एका सावकाराकडून पैसे उचलले — परवाना नाही, कागद नाही, नुसता शब्द आणि मागे लाठीवाले. त्या शब्दाला जामीन मी. त्याची बायको गेली, व्याज राहिलं. मग ते लाठीवाले गिरणीच्या दारात उभे राहू लागले, पाय मोडू म्हणू लागले. एका सकाळी भिकाजी ट्रंक घेऊन लालबागला माझ्या खोलीवर आला. थोडे दिवस लपव म्हणाला. गाववाल्याला नाही कसं म्हणणार?

पण चाळीला काय सांगायचं? कर्ज चुकवून आलाय म्हटलं असतं तर माझीही अब्रू गेली असती — जामीन राहिल्याचं घरातसुद्धा ठाऊक नव्हतं. चळवळीचे दिवस होते. मी थाप मारली, याच्यावर वॉरंट आहे, संयुक्त महाराष्ट्रासाठी लपलाय. चाळीने त्याला डोक्यावर घेतलं. कुणाकडून भाकरी, कुणाकडून बांगड्याचं तिखलं. भिकाजी ओशाळून जेवायचा. मला गंमत वाटायची — हो, वाटायची.

मग सावकाराच्या माणसांनी मला गाठलं. भिकाजी दाखव, नाहीतर तुझे पाय. विचार करायला मी किती वेळ घेतला? घेतलाच नाही. उद्या दुपारी या म्हणालो, पुरुष कामावर असतात. आणि स्वतः गिरणीत खाडा केला.

दोघे आले. साधे कपडे, दणकट अंग. बायकांना ते साध्या वेशातले पोलीस वाटले. वाटणारच, वॉरंटाचं मीच तर सांगितलेलं. सत्याग्रहीला ओवाळून पाठवायची आमच्या चाळीत तेव्हा रीत होती. समोरच्या काकी धावत ताट घेऊन आल्या, भिकाजीला कुंकू लावलं, ओवाळलं. ते दोघेही गोंधळून थांबले. भिकाजी थरथरत होता. काकींना वाटलं, ऊर भरून आला असेल.

कपाळावर ते कुंकू घेऊन स्वतःच्या तोंडाने कर्जाचं त्याला बोलवेना. माझ्याकडे पाहून, बायकांकडे हात करून म्हणाला, "तू सांग मां रे हेंका."

एक वाक्य पुरलं असतं. सावकाराचे गुंड आहेत म्हटलं असतं, तर याच बायकांनी मुसळं घेऊन त्यांना जिन्यावरून लोळवलं असतं. मला ते माहीत होतं. आणि मी काय केलं? मूठ वर करून ओरडलो — "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" सगळी गॅलरी माझ्या मागून ओरडली. त्या आवाजात त्याला खाली नेलं.

भिकाजी पुन्हा दिसला नाही. गिरणीत नाही, गावीही नाही. माझे पाय शाबूत राहिले. ट्रंकही माझ्याकडेच राहिली.

राज्य झालं त्या दिवशी चाळीने पणत्या लावल्या. भिकाजीसाठी कुणीतरी दोन शब्द बोला, असं काकी म्हणाल्या, आणि सगळ्यांनी मलाच उभं केलं. मी बोललो. चांगलं बोललो. बायकांनी डोळे पुसले. मग काकी ताट घेऊन माझ्यापुढे आल्या — आणि मी कपाळ पुढे केलं.