पाठीमागच्या खुर्चीतल्या बाई

बाई शिकवायच्या त्या पाठीमागून. समोर उभं राहून त्यांनी कधी कोणाला काही समजावून सांगितल्याचं मला आठवत नाही. परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक एक्सचेंजच्या बोर्डापुढे आम्ही सात-आठ मुली ओळीनं बसलेल्या असायचो, कानाला हेडफोन, दोन्ही हातांत वायरी. आणि मध्येच मानेला जाणवायचं की मागच्या लाकडी खुर्चीत कोणीतरी येऊन बसलंय. सुपरवायझर बाईंनी दुसरा हेडफोन आमच्याच बोर्डाला लावलेला असे. अर्धा-पाऊण तास त्या नुसत्या ऐकायच्या आणि उठताना एखादं वाक्य टाकून जायच्या. मला पहिल्या दिवशी मिळालेलं वाक्य होतं, "हॅलो हॅलो काय लावलंय, कोंबड्या हाकतेस का? एकदा म्हण आणि थांब."

आम्ही त्यांना एरंडेल म्हणायचो. हे नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणारीला माणसाची पारख होती. नाक दाबून घ्यावं लागे आणि गुण येई. माझे वडील नाशिकच्या द्वारका चौकापलीकडे झेंडू लावायचे, आणि त्या मळ्यातून उठून नोकरीला लागलेली मी पहिली. फोनवर माझ्या तोंडून 'हाय' आणि 'नाय' निसटलं की शेजारच्या मुली तोंडाला पदर लावून हसायच्या. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझ्या बोलण्यात खोट नाही सुमन, घाई आहे. पलीकडचा माणूस मुंबईला बसलाय, त्याला तुझा मळा दिसत नाही." सहा महिन्यांत मुंबईचे ऑपरेटर माझा आवाज ओळखू लागले. याचं कौतुक बाईंनी एका शब्दानंही केलं नाही, फक्त मला देवळाली कॅम्पच्या, लष्करी छावणीच्या, लाइनवर बसवलं. ती लाइन त्या कोणाला सहजासहजी देत नसत.

एकदा धीर करून मी विचारलं, "बाई, तुम्ही शेजारी का बसत नाही? पाठीमागे बसलात की घाम फुटतो."

"मी लागले तेव्हा मला शेजारी बसवून घ्यायला कोणी तयार नव्हतं," त्या म्हणाल्या. "का, ते तुला सांगायला नको. मग मी मागं उभी राहून शिकले. तिथून सगळ्यांचे हात दिसतात."

मला खरंच सांगायला नको होतं. बाई बौद्ध वस्तीतल्या, तिथली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, आणि आमच्या एक्सचेंजमध्ये त्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या पहिल्या बाई. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहायच्या. सगळ्या नाशिकचं बोलणं जोडून देणाऱ्या या बाईंच्या घरी खात्यानं दिलेला फोन होता, पण तो वाजायचा तो फक्त लाइन बिघडली की.

आमच्या कामाचा एक नियम होता आणि तो बाईंनी आमच्यात भिनवला होता. कॉल जोडला, नीट लागलाय एवढं ऐकलं, की कान काढून घ्यायचा. चुकून काही पडलंच कानावर, तर ते तिथंच सोडायचं. "इथलं दाराबाहेर नेलंत, तर दुसऱ्या दिवशी इथं येऊ नका," असं त्या म्हणायच्या. आणि मी नेमकं तेच केलं.

शकू माझी शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण. तिचं लग्न ठरलं होतं. एका दुपारी मी तिच्या होणाऱ्या सासरचा कॉल जोडला आणि कानावर आलं की मुलाचं आधी एक लग्न झालंय, बायको माहेरी आहे, आणि हे मुलीकडच्यांना कळू द्यायचं नाही. बोलणारा मुलाचा बाप होता. मी कान काढून घेतला नाही. पुरतं ऐकलं आणि संध्याकाळी शकूच्या आईला सांगून टाकलं. लग्न मोडलं. मुलाच्या बापानं तक्रार केली की आमचं फोनवरचं बोलणं बाहेर गेलं कसं.

मला वाटलं होतं, बाई सावरून घेतील. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "तक्रारीच्या उत्तरात मी खरं ते लिहिलंय," त्या म्हणाल्या. "खाली हेही लिहिलंय की हिला काढू नका, ही पुढे माझी खुर्ची सांभाळेल."

"बाई, मी शकूचा जन्म वाचवला!"

"वाचवलास. मी तिची आई असते तर तुझे पाय धरले असते. पण कॅम्पातल्या बायका वर्षातून दोनदा नवऱ्याचा आवाज ऐकतात, सुमन. त्यांनी कोणाच्या भरवशावर बोलायचं?"

पुढचं मी ऐकलंच नाही. तीन महिने मला घरी बसवलं. वडील झेंडू तोडता तोडता म्हणायचे, "तुझी बाई लय कडक हाय, पण खोटी नाय." मला त्यांचाही राग यायचा. परत कामावर गेले, तर पहिल्याच दिवशी बाई नेहमीसारख्या मागच्या खुर्चीत येऊन बसल्या. मी मान वळवली नाही. एव्हाना साऱ्या मुलींनी माझी बाजू घेऊन त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. कामापुरतं 'हो बाई', 'नाही बाई'. संक्रांतीला तिळगूळ सगळीकडे फिरायचा, केबिनच्या दाराशी येऊन परत जायचा. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या चहाला साहेब, शिपाई आणि दोघी-तिघी मुली होत्या म्हणे. मी त्या दिवशी रजा टाकली होती. आजही हे लिहिताना लाज वाटते.

ऐंशी सालानंतर ती खुर्ची खरोखरच माझ्याकडे आली. वर्षभरातच रेखाचं प्रकरण झालं. कॅम्पातलीच मुलगी, बोर्डावर हात असा चालायचा की बघत राहावं. कॉल जोडताना तिनं शेजारच्या वहिनींच्या नवऱ्याला अपघात झाल्याचं ऐकलं आणि तार पोचायच्या आधी धावत जाऊन सांगितलं. कळवळ्यानंच सांगितलं. गल्लीत आकांत झाला, वरून विचारणा आली. कागद माझ्यापुढे होता आणि पेन उचलवत नव्हतं. तेव्हा मला कळलं की या खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारायला आजूबाजूला कोणी नसतं. मी रविवारी येवल्याची एसटी धरली. बाई तिथं धाकट्या भावाकडे राहायला गेल्या होत्या.

त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या, खूप वाळल्या होत्या. मला पाहून 'ये' म्हणाल्या, जणू मी कालच जाऊन आले होते. मी रेखाचं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "कामाला कशी आहे?"

"माझ्यापेक्षा चांगली."

"मग लिही. आणि लिहून झालं की तिच्या घरी जा." थोडा वेळ त्या लसूणच सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुझ्याकडे यायला हवं होतं. तू घरी बसली होतीस तेव्हा एका रविवारी निघाले होते. द्वारकेपर्यंत आले, चौकात बराच वेळ उभी राहिले. वाटलं, वरच्या माणसानं असं जाणं बरं दिसत नाही. परत फिरले."

"तिथून आमचा मळा दिसायचा, बाई."

"दिसत होता ना. झेंडू फुलला होता."

मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, ती त्यांची रीतच नव्हती. सोललेला लसूण माझ्यापुढे सरकवला, "घेऊन जा, घरचा आहे."

मी खरं ते लिहिलं, आणि खाली रेखाला काढू नका असंही लिहिलं. तिलाही घरी बसवलं गेलं, आणि पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईनं दार उघडलं, पाणी दिलं. रेखा आतून बाहेर आली नाही. मी तासभर बसून परत आले. त्यानंतरच्या रविवारीही तेच झालं. मधल्या आठवड्यात बाईंच्या भावाचं पोस्टकार्ड आलं, झोपेतच गेल्या म्हणून. एक्सचेंजमध्ये ते जिला दाखवावं अशी बाईंच्या वेळची कोणी उरली नव्हती. तिसऱ्या रविवारी मी पुन्हा गेले, आणि या वेळी दार रेखानं उघडलं. हे ज्यांना सांगायचं, त्या बाई आता राहिल्या नव्हत्या.