रामाच्या बाणांवरची अबरी

गेल्या महिन्यात दिल्लीच्या द्वारकेत एका शोकसभेला गेलो होतो. आमच्या जुन्या साहेबांच्या पत्नी वारल्या. मुलगा भाषणात म्हणाला, "आर. के. पुरमच्या रामलीलेत रामाचे रंगीत बाण असायचे ना, ते माझी आई घरी बनवायची." मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. ते बाण माझ्या बायकोचे होते.

हिचे वडील साताऱ्यात पुस्तकबांधणी करायचे. पुठ्ठ्याच्या आत चिकटवायचा तो लाटालाटांचा अबरी कागद ही लहानपणापासून घरी करायची. तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. तिथल्या सेक्टरच्या रामलीलेसाठी मी देवदाराच्या खोक्यांच्या फळ्या तासून बाण केले आणि हिने त्यांच्यावर अबरी चढवली. परातीत डिंकाचं दाट पाणी, त्यावर तरंगणारे रंगाचे थेंब, त्यातून फिरवलेला कंगवा. मग बाण त्या पाण्यावरून अलगद लोळवायचा, की सगळी नक्षी लाकडावर उतरते. मात्र लाकडाला आधी तुरटीचं पाणी आणि वाळल्यावर पॉलिश हवंच. नाहीतर ओल्या हाताला रंग सुटतो.

साहेब रामलीला कमिटीत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी माइकवरून जाहीर केलं, "ये सुंदर बाण मेरी श्रीमतीजी ने बनाए हैं." बाईसाहेब उठून हात जोडून उभ्या राहिल्या. हिने माझ्याकडे पाहिलं. माझा गोपनीय अहवाल साहेबच लिहीत. मी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी साहेब पुन्हा दारात. "वहिनी, यंदाही बाण हवेत हं."

"बाईसाहेबांना येतात की," ही म्हणाली.

साहेब हसले. मी हिला आत नेऊन विनवलं. तिने बाण केले. रंग यंदा कोरडाच दिसत होता. मी विचारलं तर म्हणाली, "यंदा असेच."

त्या संध्याकाळी माइकवर पुन्हा श्रीमतीजींचं कौतुक झालं आणि युद्ध सुरू झालं. राम झालेला पंजाबी मुलगा दिव्यांखाली घामाने निथळत होता. त्याने बाण ओढला, कपाळ पुसलं, हात पीतांबराला पुसला. कपाळ निळं, गाल लाल, पीतांबराची दशा विचारू नका.

"ओए, रामजी होली खेल के आए हैं!" मागून कुणीतरी ओरडलं. रावणसुद्धा तोंड फिरवून हसायला लागला. बाईसाहेब पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांचा तो चेहरा आठवला की मला आजही बरं वाटतं. वाटतं ते लिहितो.

खेळ संपल्यावर साहेब तडक आमच्याकडे आले. "वहिनी, पॉलिश नव्हतं लावलं?"

"मला काय विचारता? बाण बाईसाहेबांचे ना?"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही काहीतरी बोला."

"काय बोलू साहेब? माइकवर तुम्हीच सांगितलंत."

ते गेले. माझं प्रमोशन पुढे कितीतरी वर्षं अडलं, त्याचं मला काही नाही. मी कडी लावली. वाटलं, आज ही खूश होईल.

ही परात घासत होती. वर न बघता म्हणाली, "हेच गेल्या वर्षी बोलला असतात, तर त्या पोराचं पीतांबर वाचलं असतं."