गाळलेली पानं
परवा कपाट आवरताना एक जाड कादंबरी हाताला लागली आणि तिच्यात ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला महिनाभर वाचायची मनाई केली होती, तेव्हा अल्लीपूरच्या घरी बाबा तिला हीच कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायचे. पेपर सोडला तर बाबांनी आयुष्यात काही वाचलं नव्हतं. दुपारी शेतातून येऊन जेवले, की काळा चष्मा लावलेल्या आईसमोर बसून ते बातम्या दिल्यासारखी कादंबरी वाचत. मी आत तूरडाळ निवडत ऐकायची. एकदा कादंबरीतल्या मुलीने परजातीतल्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं, तशी बाबांनी चार-पाच पानं एकदम उलटली. "पानं काऊन गाळून राह्यले?" आईने विचारलं. "चिपकून होती." "काही चिपकून नाई. लग्नाच्या आधी दोनदा वाचलं मी हे पुस्तक. तिचा बाप लग्नाले जाते का नाई, ते वाचा." माझे हात थांबले. माझंही तसंच बोरगावच्या एका मुलाशी ठरलं होतं आणि ते फक्त आईलाच माहीत आहे, असं मी समजत होते. बाबांनी पानं मागे उलटली आणि एकही ओळ न गाळता सगळं वाचलं. कादंबरीतला बाप लग्नाला जातो, पण मांडवात अगदी मागच्या खुर्चीवर बसतो. मग पुस्तक मिटून, माझ्याकडे न बघताच बाबांनी मोठ्याने विचारलं, "तो पोरगा बोरगावातच राह्यते का?" परवा आवरलं ते कपाट बोरगावच्याच घरातलं आहे.