म्हातारा काय म्हणाला

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर दुपारी टीव्ही बघितला. मी कॉटवर, बायको खाली भिंतीला टेकून, पुढ्यात सुपात शेंगा. केबलवाल्यानं परदेशातला कसलातरी सिनेमा लावला होता. गाव एकच, नदीकाठचं, जिकडं बघावं तिकडं पूल, आणि त्या गावातल्या पाच-सहा प्रेमाच्या गोष्टी. एक जोडी संपली की दुसरी. भाषा इंग्रजीसुद्धा नव्हती. असती तरी काय, माझी शाळा चौथीपर्यंत, तिची तेवढीही नाही.

मी वाईचा. जन्मभर महाबळेश्वरला टॅक्सी चालवली. नवी लग्नं झालेली जोडपी पॉइंटांवर फिरवायची, हाच धंदा. प्रेम मी आरशातून लय बघितलंय. म्हणून म्हटलं, "बंद कर. पसरणीच्या घाटात आणलं की ह्यास्नी पण वकारी येईल."

"गप बसा वो. मी सांगते काय बोलत्यात ती."

आणि ती खरंच सांगायला लागली. पडद्यावर ओठ हलले की ही आपल्या बोलीत बोलायची. एक पोरगी पुलावर रुसून उभी होती, पोरगा फुलं घेऊन मागं. हिनं त्याच्या तोंडी घातलं, "आगं चल की घरी, म्हशी धारंच्या खोळंबल्यात." एका दारात दोघं एकमेकांच्या गळ्यात पडली, तर ही म्हणाली, "आवं, दारात नगं, आत्याबाई बघत्यात." एक बाई रोज एका दुकानात यायची, काही न घेता जायची, आणि दुकानदार नुसता तिच्याकडं बघत राहायचा. "आज पण भाव इचारून चालली बघा," ही त्या दुकानदाराच्या आवाजात. मी एवढा हसलो की कवळी काढून हातात घ्यावी लागली.

शेवटची गोष्ट म्हातारा-म्हातारीची होती. नदीकाठी बाकावर बसलेली. म्हातारी पुष्कळ बोलली आणि तिच्याबरोबर ही पण बोलली. "जल्म गेला तुमच्यासंगं. आता तरी तोंड उघडा. काय वाटतंय मनात, त्ये एकदा बोला."

म्हातारा तिच्याकडं वळला.

"आता ह्येचं तुमी सांगा," ती मला म्हणाली. "समदं मीच बोलू व्हय?"

तेवढ्यात लाईट गेली.

"आली की सांगतो," मी म्हटलं.

"बरी टायमाला गेली तुमच्या. तवर ठरवून ठेवा." सूप बाजूला सारून ती हसत चहा टाकायला आत गेली. पातेलं पडल्याचा आवाज आला. मी जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. डॉक्टर आला, मान हलवली, गेला.

बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. एकेक जण पाया पडून म्हणायची, भाग्याची, सवाष्ण गेली. म्हणजे मी मागं राहिलो हे तिचं भाग्य. माझं काय, ते कुणी बोललं नाही. धाकटा भाऊ म्हणाला, "सोनं झालं दादा वैनीचं." मी म्हटलं, "मग होऊ दे तुझ्या घरात." मूलबाळ नव्हतं, अग्नी मीच दिला.

घाटावरनं आलो तर भावजयीनं टीव्हीचं तोंड भिंतीकडं फिरवलेलं. सुतकात टीव्ही लावत नाहीत. अग्नी देणाऱ्यानं दहाव्यापर्यंत कुणाचा उंबरा ओलांडायचा नाही, कुणाला शिवायचं नाही. मला कोपऱ्यात घोंगडं टाकून दिलं. लोक येऊन रडून गेले. माझ्या डोक्यात एकच, तो म्हातारा काय म्हणाला असेल. ठरवून ठेवा म्हणाली होती, आणि मला काही सुचत नव्हतं.

सकाळी उठलो आणि अनवाणीच निघालो. भावजय आडवी आली.

"भावजी, कुटं? लोकं काय म्हणतील?"

"कालपासनं म्हणत्यातच की."

केबलवाल्याचं दुकान गल्लीच्या टोकाला. मी पायरीशी थांबलो. त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"आबा? आज?"

"काल दुपारची क्यासेट लाव. शेवट बघायचाय."

"आवं, पण सुतक..."

"म्हणून तर आत येत न्हाई. टीव्ही हिकडं फिरव."

माझं डोकं फिरलं, असं त्याला वाटलं असणार. पण त्यानं टीव्ही दाराकडं फिरवला. मी पायरीवर बसलो. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. काल बायको जाळली आणि आज सिनेमा बघतोय. बघू देत.

तो बाक आला. म्हातारी बोलली, पण आज नुसताच परका कलकलाट. एक अक्षर कळेना. म्हातारा वळला, दोन-चार शब्द बोलला. म्हातारी हसली. मग नावं यायला लागली.

"काय म्हणाला रं?"

"काय की आबा. मला कुटं येतीय ती भाषा?"

"परत लाव."

त्यानं मागं घेऊन परत लावलं. म्हातारा वळला तसा मी त्याच्या तोंडाबरोबर बोललो, रस्त्यावरच्यांना ऐकू जाईल असं. "बस हितंच. चा ऱ्हाऊ दे. उठू नगं."

म्हातारी हसली आणि बाकावर बसून राहिली.

"बंद कर आता," मी म्हटलं.