मिनिटसर

सरांना फसवलं ते आमच्याच वर्गातल्या मेल्विनने. एवढं आधी सांगते, मग सरांबद्दल.

सर निवृत्त चित्रकला शिक्षक. उमेळ्यात त्यांच्या ओटीवर रविवारी, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर, व्हिडिओचा वर्ग भरायचा. पहिला धडा सगळ्यांना एकच: कॅमेरा ट्रायपॉडवर लावायचा आणि एका गोष्टीकडे पूर्ण एक मिनिट बघायचं. झूम नाही, हलवणं नाही. गाव त्यांना मिनिटसरच म्हणायचं.

माझा सातिवलीत खोक्यांचा कारखाना. जाहिरात करणाऱ्यांचे भाव ऐकून डोकं फिरलं, म्हणून स्वतःच शिकायला गेले.

"सर, वीस सेकंदांत भागवा. खोक्यात बघायचं काय?"

"शेठाणी, भाजी घेताय का? साठ म्हणजे साठ."

"चाळीस."

"आता सत्तर!"

चिडून सत्तर सेकंद कॅमेरा लावला. पन्नासाव्या सेकंदाला खोकी चिकटवणाऱ्या रजनीने हात थांबवून बोटं चोळली. बारा वर्षं ती माझ्याकडे होती, पण तिची सोललेली बोटं मी कधी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी हातमोजे आणले.

सरांची स्वतःची फिल्म म्हणजे घरामागचं बावखल, वाडीला पाणी पुरवणारं जुनं तळं. रोज सकाळी एक मिनिट, एकाच जागेवरून, नऊ वर्षं. शेवाळ, खंड्या, कपडे धुणाऱ्या बाया; आणि जमीन विकली गेल्यावर त्यात माती ओतणारे डंपर.

"एवढं कोण बघणार, सर?"

"नाही बघितलं तर नाही. पण कापायचं नाही हं. डंपर काढले तर उरलं काय? कॅलेंडर!"

मेल्विन एडिटिंग शिकतो म्हणून या फिल्मची हार्ड डिस्क घेऊन गेला. पुढे एकदा मी सरांना दवाखान्यात नेत होते. माणिकपूरला रस्त्यावरच्या जाहिरातींच्या मोठ्या पडद्यावर सरांचं बावखल दिसलं. खंड्या, बासरी, आणि खाली 'तळ्याकाठी तुमचं घर'. बावखल बुजवणाऱ्या बिल्डरचीच जाहिरात! डंपर तेवढे गायब. मी रस्त्यातच मेल्विनला फोन लावून शिव्या घातल्या. सर मात्र जाहिरात परत लागेपर्यंत उभे राहिले.

"चार-चार सेकंदांचे तुकडे केले गं त्याने," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा लावला नाही. सहा महिन्यांत गेले. मेल्विन फुलांचं चक्र घेऊन आला, डिस्क आणली नाही.

मेल्विन, तुझी फुलं वाळली. आता ती फिल्म गावासमोर अख्खी लाव. आणि डंपर कुणाच्या सांगण्यावरून कापलेस, ते तिथेच उभा राहून सांग.