झोक्यावरची अठरा हजार पावलं

देवाने माणूस घडवताना आत एक बॅटरी आणि बाहेर एक आकड्यांची पट्टी बसवायला हवी होती, ती विसरल्यामुळेच जगातले सगळे घोटाळे झाले, असं मनापासून मानणारा सबंध खानदेशात एकच माणूस आहे आणि माझ्या नशिबाने तो माझा साडू निघाला. टेलिफोन खात्यात नोकरी, जळगावात आमच्याच गल्लीत दोन खोल्यांचं घर आणि त्यातल्या एका खोलीत कॉम्प्युटर. नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा आमच्याकडे लोक कॉम्प्युटर बघायला चपला बाहेर काढून येत आणि जाताना नकळत हात जोडत. मे महिन्यात जळगाव असं तापतं की कावळेसुद्धा सावलीचा पत्ता विचारत फिरतात, पण घरात कूलर एकच आणि तो कॉम्प्युटरला. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ओला पंचा डोक्यावर घेऊन शेजारच्या खोलीत पोळ्या लाटायची. "पुढच्या जन्मी मी कॉम्प्युटरच होणार," असं ती म्हणाली की साडूभाऊ गंभीरपणे विचारत, "रंगीत की साधा?"

माझी साखर काठावर आलीय, तीन महिन्यांत खाली आली नाही तर जन्मभर गोळ्या, असं डॉक्टरांनी मला सांगितलं, त्या दिवशी साडूभाऊंच्या चेहऱ्यावर पोरीचं लग्न ठरल्यासारखं तेज आलं. त्यांना किती दिवसांपासून एक रोगी हवाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या मनगटावर डिजिटल घड्याळ बांधलं आणि कमरेला काडेपेटीएवढं एक जपानी यंत्र अडकवलं. जेवण झालं की घड्याळ वाजणार, मी उठून चालणार, यंत्र पावलं मोजणार आणि रविवारी कॉम्प्युटर करकर करत माझी हातभर कुंडली छापणार. पावलं भरली तर गोडाला मंजुरी, नाही भरली तर मेथीची भाजी. एकदा धुळ्याला कुणी वारलं म्हणून दारावर बसायला गेलो होतो. मंडळी माना खाली घालून बसलेली, आणि माझ्या मनगटातून वरातीच्या बँडची धून निघाली. ती बंद करायचं बटण कुठलं, हे फक्त साडूभाऊंना ठाऊक. शेवटी मी उठलो आणि अंगणात येरझारा घालायला लागलो. मयताचे भाऊ डोळे पुसत म्हणाले, "यांचा फार जीव होता हो." गेलेल्या माणसाला मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग आली आखाजी. साडूभाऊंना रजा मिळाली नाही, म्हणून अक्का आमच्याबरोबर माहेरी आली, शिरपूरच्या पुढे एका खेड्यात. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, माहेरवाशिणींचा सण. दारच्या कडुलिंबाला झोके, घरात खापरावरचे मांडे आणि घंगाळभर आमरस. त्या उन्हात चालायला निघालो असतो तर वाटेतच माझा पापड भाजून निघाला असता. सासूबाईंनी माझ्या कमरेकडे बोट दाखवलं. "हाई काय शे, जवाईबापू? घड्याय शे का?" मी यंत्राचं काम समजावून सांगितलं. अक्काने ते सगळं शांतपणे ऐकलं, यंत्र मागून घेतलं, कमरेला खोचलं आणि झोक्यावर उभी राहिली. झोका गेला की एक पाऊल, आला की दुसरं. कूलरचा सगळा राग तिने त्या दोरांवर काढला. ती दमली की गावच्या बाकीच्या लेकी चढत. मी बाजेवर पडल्या पडल्या दोन दिवसांत अठरा हजार पावलं चाललो.

रविवारी साडूभाऊंनी आकडा वाचला आणि चष्मा काढून पुसला. "साडूभाऊ, तुम्ही तर सासरवाडीहून चालत शिरपूरला पोचलात." कॉम्प्युटरने हिशेब लावून मला पंधरा दिवस रोज एक मांडा आणि दोन वाट्या रस मंजूर केला. यंत्राचा शब्द मोडणारा मी कोण?

पुढच्या तपासणीत साखर काठावरून पलीकडे एक पाय टाकून बसलेली निघाली. "शेवटच्या तपासणीत हेच दिसलं तर गोळ्या," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, साडूभाऊ आता मला धारेवर धरणार. त्यांनी धरलं यंत्राला. ते स्वतःच्या कमरेला लावून भर दुपारी मेहरूण तलावाच्या काठाने मोठमोठ्याने पावलं मोजत निघाले, मागे छत्री धरून मी. म्हशीसुद्धा पाण्यातून मान वर काढून बघत होत्या. दोन हजारांवर ते थांबले. आकडा तंतोतंत जुळला.

"यंत्र बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणजे सूत्र चुकलं. माझंच." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "आमच्या वडलांचं पाऊल साखरेपायी कापलं ना, तेव्हा घरात कुणी काही मोजत नव्हतं. म्हटलं, निदान तुमच्या वेळी तरी."

मी छत्री मिटली आणि झोक्याचं सांगून टाकलं.

त्यांनी यंत्र कमरेवरून काढून हातात घेतलं. मग विचारलं, "ही पण होती त्यात?"

"अक्काचीच कल्पना."

"कूलरवरून?"

"कूलरवरून."

त्या संध्याकाळी कूलरचं तोंड अक्काच्या खोलीकडे वळलं आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता साडूभाऊ माझ्या दारात. "चला. आता मी बरोबर येणार." पुढे सात वर्षं आले. पहिले काही महिने तर मोठ्याने मोजत होते, त्यामुळे रस्त्यात कुणी आमच्याशी बोलायला धजत नसे.

गोळ्या मला आजतागायत लागलेल्या नाहीत. साडूभाऊंचे गुडघे मात्र गेले. आता मी एकटाच तलावाला जातो आणि परतताना त्यांच्या ओट्यावर टेकतो. ते आकडा विचारत नाहीत. पाणी किती मागे हटलं, केळीचे ट्रक निघाले का, कोण कोण भेटलं, एवढंच विचारतात. मी तिखटमीठ लावून सांगत असतो आणि ते ऐकता ऐकता माझ्या चपलांवरच्या धुळीकडे बघत बसतात.