दोन चंद्रांखालचा संकल्प

माहूरगडनिवासिनी कुलस्वामिनी रेणुकेला आणि विघ्नहर्त्या गजाननाला वंदन करून हे लिहावयास घेतो. निमित्त मंगल आहे. माझ्या कन्येची कन्या उच्च शिक्षणासाठी समुद्रापार गेली आणि तिचे प्रस्थान निर्विघ्न पार पडले. असे असूनही लिहिताना माझ्या मनात जे आहे त्याला भय हेच नाव आहे, आणि देवासमोर बसून दुसरे नाव देण्याची माझी तयारी नाही.

माझे सारे आयुष्य नांदेडात, गोदावरीच्या उत्तर तीरावर गेले. कन्या लातूरला दिली. पूजेच्या आरंभी आपण उजव्या तळहातावर पाणी घेतो आणि मी कोण, कोठे, कोणत्या तिथीस, कशासाठी हे कर्म करीत आहे, ते उच्चारतो. नांदेडात मी ‘गोदावर्याः उत्तरे तीरे’ म्हणतो. लातूरला मुलीच्या घरी पूजा असली की ‘दक्षिणे तीरे’. माझे देशांतर ते एवढेच. शेवटी ‘करिष्ये’ म्हणून ते पाणी ताम्हनात सोडले की कर्म आपल्याला बांधून घेते. अर्धवट राहिलेला संकल्प ज्याच्या नावाने सोडला त्याला अधांतरी ठेवतो, अशी माझ्या गुरुजींची शिकवण. ती खरी की कसे, हे मी कधी पडताळून पाहिले नाही. पडताळण्याचे धैर्यच झाले नाही.

गेल्या हिवाळ्यात लातूरला मुलीकडे राहावयास गेलो होतो. नातीने परदेशातील एका विद्यापीठात अर्ज केला होता. उत्तर यावयाचे होते. माझ्यासमोर घरात कोणी तो विषय काढीत नसे. मीही काढीत नसे. एकुलती एक नात; ती गेली तर मागे कोण, हा प्रश्न सगळ्यांच्याच ताटाशेजारी बसलेला असे.

तिने महाविद्यालयाच्या संमेलनासाठी एक ध्वनिनाट्य लिहिले होते. काळ काही शतकांनंतरचा. मराठवाड्याच्या विहिरी आणि नद्या कोरड्या पडलेल्या. माणसे एका प्रचंड यानात बसून दुसऱ्या एका सूर्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाकडे निघालेली. वाट इतकी लांब की निघालेल्यांपैकी कोणीच पोचणार नाही. पोचतील ती त्यांची पणतवंडे. तिच्या सोबत दोघे होते. एक रेणापूरची मैत्रीण, जिच्या घरी दख्खनी बोलतात. ती स्त्रियांचे संवाद म्हणणार होती. दुसरा देगलूरचा मुलगा, घरी तेलुगू. ध्वनीची सारी व्यवस्था त्याच्याकडे. मला तो पहिल्या दिवसापासून ‘ताता’ म्हणू लागला. त्यांच्याकडे आजोबांना तसेच म्हणतात.

“आजोबा, त्या ग्रहाला दोन चंद्र आहेत,” नात म्हणाली. “मग तिथी कशी काढायची?”

“दोन नको ठेवू,” देगलूरकर म्हणाला. “एकादशी दुप्पट झाली तर ताता उपाशी मरतील.”

“तुला कशाची काळजी बे? तू साबुदाण्यासाठी एकादशी करतो,” रेणापूरची मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “आमचा बी वांधाच हाय, आजोबा. ईदचा चाँद कोणता धरायचा? एक दिसला अन् दुसरा न्हाई दिसला, तर आमचे अब्बा म्हणतील, थांबा, अजून न्हाई झाली ईद.”

“म्हणजे शिरखुर्मा लांबला,” देगलूरकराने उसासा टाकला.

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता मनात भलतेच आले. माझ्या पित्याला मी दरवर्षी त्यांच्या तिथीस पाणी देतो. जेथे तिथीच नाही, तेथे पितरांनी कोणत्या दिवशी दाराशी यावे? आणि आलेच, तर यानातली लेकरे त्यांना हाक कोणत्या भाषेत मारतील? कारण नातीने तेही लिहून ठेवले होते. यानात जन्मलेल्या तिसऱ्या पिढीची मिळून एकच बोली झालेली होती. थोडी मराठी, थोडी तेलुगू, थोडी दख्खनी, आणि उरलेली यंत्रांशी बोलता बोलता घडलेली. त्या बोलीतला एक संवाद त्या दोघांनी मला म्हणून दाखविला. अर्धा समजला. यानातले ते मूल काही मागत होते, एवढे कळले. काय मागत होते ते कळले नाही. माझ्याच वंशातले लेकरू माझ्याकडे तोंड करून बोलते आहे आणि मी नुसता पाहत बसलो आहे, असे झाले.

“कसं वाटलं?” नातीने विचारले.

“छान आहे,” मी म्हणालो. “पाणी दे.”

नाटकात एक वृद्ध होता. यान ग्रहाजवळ पोचते तेव्हा तो यानातील एका यात्रिकेच्या नावाने संकल्प सोडतो, की तिने सुखरूप उतरावे म्हणून मी देवाची पूजा करीन आणि यानातील सर्वांना एका पंगतीत जेवू घालीन. तो उच्चार नातीला माझ्या आवाजात हवा होता. शब्दरचना मीच करून दिली. जंबुद्वीपाच्या जागी त्या ग्रहाचे नाव, तिथीच्या जागी ‘चंद्रद्वययुक्ते काले’. रचताना थोडी मौजही वाटली, हे नाकारीत नाही.

ध्वनिमुद्रणासाठी पंखा बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या, फोन उशांच्या ढिगावर ठेवला. घसा कोरडा पडू नये म्हणून मुलीने माझ्याजवळ पाण्याचा गडू आणि शेजारी पोह्यांची रिकामी ताटली ठेवली. देगलूरकराने बोटाने खूण केली. मी डोळे मिटून आरंभ केला.

पुढचे माझ्या हाताने केले. मी केले असे म्हणवत नाही. आठ वर्षांचा असताना मुंज झाली तेव्हापासून हा उच्चार मी कोरड्या हाताने कधी केलेला नाही. शब्द सुरू होताच डाव्या हाताने गडू कलंडवला आणि उजव्या तळहातात पाणी आले. नाटकातील यात्रिकेचे नाव घ्यावयाचे होते त्या जागी साठ वर्षांची सवय बोलली: माझ्या नातीचे नाव, तिच्या पित्याच्या गोत्रासह. ‘करिष्ये’ म्हटले आणि पाणी ताटलीत पडले. त्या आवाजाने डोळे उघडले.

“वा ताता! पाण्याचा आवाज पण आला, एकदम खरा!” देगलूरकर म्हणाला.

खराच होता. देवाला साक्षी ठेवून मी माझ्या नातीला पृथ्वीपलीकडे धाडले होते.

मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने नांदेडला परतलो. अहमदपूर गेले, लोहा गेले, आणि मी मनात शास्त्रार्थ करीत राहिलो. नाटकातला उच्चार तो, कर्म नव्हते, स्थान नव्हते, काळ नव्हता. प्रत्येक युक्तिवादाला उत्तर एकच येई: पाणी होते, नाव होते.

काही दिवसांनी नातीचा फोन आला. “आजोबा, माझं पक्कं झालं! जागा मिळाली.”

माझ्या तोंडून अभिनंदन निघाले नाही. “ते ध्वनिमुद्रण पुसून टाक,” मी म्हणालो.

“का?”

मी सारे सांगितले. ती हळूच म्हणाली, “पुसलं तरी काय, आजोबा? म्हटलं ते म्हटलंच, असं तुम्हीच शिकवलंत ना मला?”

“हो.”

“मग आता?”

आता दोनच वाटा होत्या, आणि मला दोन्हींची भीती वाटत होती. संकल्प पुरा करावा, तर तिच्या जाण्यावर मीच शिक्कामोर्तब करीत होतो. अपुरा ठेवावा, तर ती जाणारच होती. फक्त माझ्यामुळे अधांतरी, ना इथली ना तिथली. कित्येक दिवस जपाला बसलो की माळ हातात तशीच राही. शेवटी मुलीला कळविले, की पूजा लातूरला तुझ्याच घरी करतो; यानातील सर्वांना जेवावयास बोलाव.

“यानातील म्हणजे?” मुलीने विचारले.

“नाटकात जे जे होते ते सगळे. संकल्पात सर्व म्हटले आहे.”

पूजेच्या दिवशी पुरण शिजत होते आणि मी देवघरासमोर बसलो होतो. आमच्या घरी सोवळ्याची पंगत निराळी असते. मी आजवर तिच्याबाहेर जेवलो नाही. पाने मांडली गेली. रेणापूरची मुलगी दारातच उभी राहिली. तिच्या हातात तिच्या अम्मीने दिलेला खजुराचा डबा होता.

“आजोबा, मी कुठं बसू? आत का बाहीर?”

तिच्या स्वरात तक्रार नव्हती, रुसवाही नव्हता. चप्पल कुठे काढू, असे विचारावे तसे तिने विचारले, आणि त्यानेच मी घाबरलो. इतक्या लहान वयात हा प्रश्न तिला इतका सवयीचा झाला होता. उद्या माझी नात परक्या देशात कोणाच्या तरी दारात उभी राहील आणि हेच विचारील. तेव्हा आतून कोण काय म्हणेल?

“आत ये,” मी म्हणालो. “तुझ्या मैत्रिणीच्या शेजारचे पान तुझे.”

“अन् माझं?” मागून देगलूरकर ओरडला. “मी इतका वेळ उपाशी राहून राहिलो, ताता!”

“तुझे माझ्या शेजारी,” मी म्हणालो. “आवाज न करता जेवणार असशील तर.”

त्या पंगतीत मी जेवलो. पानावरचे संपवावयास मला सगळ्यांहून अधिक वेळ लागला. सवय मोडत होती म्हणून की पुढचे दिसत होते म्हणून, ते सांगता येत नाही. कोणी विचारलेही नाही.

शेवटी कर्म देवाला अर्पण करावयाचे होते. पुन्हा तळहातावर पाणी घेतले. शब्द म्हणून झाले, पण हात उघडेना. बोटे घट्ट मिटलेली, त्यांच्या फटींतून थेंब थेंब धोतरावर ओघळत होता. मुलगी पदराने डोळे पुसत उभी होती. नात माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझा हात धरला नाही, फक्त ताम्हन उचलून माझ्या मुठीखाली धरले. किती तरी वेळ ती ते तसेच धरून होती. जड ताम्हन, तिचे मनगट थरथरू लागले. ते थरथरणे पाहवेना म्हणून मी मूठ उघडली. थोडेसेच पाणी उरले होते. तेवढे पडले.

त्यानंतर ती गेली. मी तिला निरोप देताना भ्यालो होतो, आजही भितो. पण ती अधांतरी नाही, एवढे मी देवाला सांगू शकतो.

वाचकहो, तुमच्या घरातील थोरांना दीर्घायुष्य आणि लहानांना विद्या लाभो. तुमच्या उंबऱ्यावरून जो कोणी दूर गेला असेल, त्याला परक्या दाराशी ‘आत ये’ म्हणणारे कोणी भेटो. आणि परका म्हणून जो तुमच्या दारी येईल, त्याला तुमच्या घरी तसेच म्हणणारे माणूस भेटो. जगदंबा तुमच्या कुटुंबाचे सर्वतोपरी रक्षण करो.